सरकलेली लेन्स आणि आठ वर्षांपूर्वीची बादली

पत्र:

डॉक्टर, माझ्या आईचं वय ७१. आठ वर्षांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून तिला फार छान दिसत होतं. त्याआधी तरुणपणापासून जाड चष्मा, उणे अकराचा. गेल्या महिन्यापासून मात्र तिला रात्री एका दिव्याचे दोन दिवे दिसतात आणि नजरेच्या एका कडेला पेल्याच्या काठासारखी वाकडी रेघ दिसते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लेन्स खाली सरकली आहे, टाके घालून बसवावी लागेल. दादा म्हणतो, पहिल्या डॉक्टरांनी हलकी लेन्स घातली, मी जाऊन जाब विचारतो. बाबा म्हणतात, दिसतंय तेवढं पुरे, त्या डोळ्याला आता हात लावायचा नाही. आईच्या एका मैत्रिणीची लेन्सही सरकली होती, ती दहा मिनिटांत फिरवून बसवली. मग आईचीच का शिवायची? आणि आई काहीच बोलत नाही. परवा हळूच म्हणाली, "ऑपरेशननंतर आठव्या दिवशी मी भरलेली बादली उचलली होती गं. कुणाला सांगू नकोस." डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, त्याचं ऑपरेशन व्हायचंय. काय करू? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर:

ताई,

आधी बादलीचं बोलतो, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात जड गोष्ट तीच आहे.

ऑपरेशननंतर काही दिवस वजन उचलू नका असं आम्ही सांगतो ते मुख्यतः जखम नीट भरावी म्हणून. आठव्या दिवशीच्या बादलीने लेन्स हलली असती, तर ते आईंना तेव्हाच्या तेव्हा कळलं असतं. त्यानंतर ती लेन्स आठ वर्षं जागेवर बसून त्यांना दाखवत राहिली. आता ती सरकली त्याचं कारण त्या बादलीत नाही. हे त्यांना आजच सांगा, आणि दादा-बाबांच्या समोर सांगा. मी हे नुसतं मन हलकं करायला म्हणत नाहीये. स्वतःला गुन्हेगार समजणारा पेशंट डॉक्टरांपुढे अर्धंच बोलतो. 'गेल्या महिन्यापासून' असं त्यांनी तुम्हाला सांगितलं. मनातली भीती गेल्यावर पुन्हा एकदा विचारा. कदाचित सहा महिन्यांपासून असेल. मधे कधी डोळ्याला मार लागला होता का, तेही तेव्हाच बाहेर येईल. हे दोन्ही समजलं तर उपचार ठरवायला खरी मदत होते.

आता डोळ्यात काय झालं असावं ते पाहू. आपल्या मूळ भिंगाभोवती एक पारदर्शक पिशवी असते. मागच्या बाजूला मधोमध ती इतकी पातळ असते की तिची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात. ही पिशवी चारी बाजूंनी शेकडो बारीक तंतूंनी ताणून धरलेली असते, तंबूला दोऱ्या असतात तशी. या तंतूंना झोन्यूल म्हणतात. मोतीबिंदू काढताना सर्जन पिशवीला समोरून एक गोल खिडकी पाडतो, आतलं गढूळ भिंग फोडून ओढून घेतो आणि रिकाम्या झालेल्या पिशवीत घडीची लेन्स उलगडून ठेवतो. लेन्सचा मधला, ज्यातून दिसतं तो भाग साधारण ६ मिलिमीटरचा. दोन बाजूंना दोन वळलेले पाय असतात, ते धरून तिची लांबी १३ मिलिमीटरच्या आसपास जाते. पाय पिशवीच्या कडेला टेकतात आणि लेन्स मध्यावर राहते. लेन्सला धरते पिशवी, आणि पिशवीला धरतात तंतू.

म्हणून 'लेन्स सरकली' हे एकच वाक्य आम्ही डॉक्टर मंडळी तीन अगदी निराळ्या घटनांसाठी वापरतो आणि घरोघरी गोंधळ उडवतो. लेन्स पिशवीतल्या पिशवीत गोल फिरली, तरी सरकली. पिशवी फाटली होती आणि त्या फटीतून लेन्स निसटली, तरी सरकली. तंतू सुटले आणि लेन्स पिशवीसकट खाली आली, तरी सरकलीच. तिघींचे उपाय मात्र वेगळे.

मैत्रिणीची गोष्ट बहुधा पहिल्या प्रकारातली. ज्यांना सिलिंडरचा नंबर असतो, त्यांना टोरिक नावाची लेन्स बसवतात. ती ठरलेल्या कोनातच बसली पाहिजे. एक अंश फिरली की तिचा सुमारे ३ टक्के फायदा कमी होतो, ३० अंश फिरली तर फायदा जवळजवळ शून्य, आणि त्याहून पुढे गेली की जुन्या सिलिंडरमध्ये भरच पडते. असं फिरणं बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत होतं, कारण पिशवी अजून लेन्सला चिकटलेली नसते. काही आठवड्यांनी पिशवी आक्रसून तिला घट्ट धरते. त्याआधी गेलं तर सर्जन एका बारीक हुकाने लेन्स पुन्हा योग्य कोनात फिरवून ठेवतो. मैत्रिणीची पिशवीही शाबूत होती आणि तंतूही. नुसती उशी फिरवायची होती, पलंग मोडलेला नव्हता.

आईंचा पलंगच एका बाजूने खचलेला दिसतो. आठ वर्षं उत्तम दिसल्यावर लेन्स खाली येते तेव्हा बहुतेक वेळा ती पिशवीसकट येते. डोळ्याची लांबी जास्त असलेल्यांत, म्हणजे उणे अकरासारख्या मोठ्या मायनस नंबरवाल्यांत, हे तंतू मुळात कमकुवत असू शकतात. त्यात पिशवीची समोरची खिडकी वर्षानुवर्षं आक्रसत जाते आणि तंतूंना आतल्या बाजूला ओढत राहते. एकेक दोरी सुटत जाते. पुरेशा सुटल्या की तंबू त्या बाजूला झुकतो. काही जणांच्या डोळ्यात भिंगावर आणि बाहुलीच्या कडेला कोंड्यासारखा पांढुरका थर साचतो, त्याला स्यूडोएक्सफोलिएशन म्हणतात. उशिरा लेन्स सरकण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि त्यात डोळ्याचा दाबही वाढतो. डोळ्याला पूर्वी बसलेला मार, रेटिनाचं (डोळ्याच्या तळाशी प्रकाश टिपणाऱ्या थराचं) आधी झालेलं ऑपरेशन, वारंवार येणारी आतली सूज, ही बाकीची कारणं. डोळे जोरजोराने चोळायची सवय असेल तर तीही सोडायला सांगा.

दोन दिवे का दिसतात तेही यावरून कळेल. बाहुलीच्या काही भागातून येणारा प्रकाश लेन्समधून जातो आणि उरलेला तिच्या काठाबाहेरून, मोकळ्या जागेतून. एका डोळ्यात दोन चित्रं तयार होतात. रात्री बाहुली मोठी होते, काठ जास्त उघडा पडतो, म्हणून तक्रार रात्रीची. ती वाकडी रेघ म्हणजे बहुधा लेन्सचा काठच.

एक गोष्ट घरी करून पाहा. डावा डोळा हाताने पूर्ण झाकून आईंना फक्त उजव्याने दिव्याकडे बघायला सांगा. तरीही दोन दिवे दिसले, तर दोष त्या डोळ्याच्या आतला आहे. पण कुठलाही एक डोळा झाकला की दुसरा दिवा नाहीसा होत असेल, तर दोन्ही डोळ्यांची दिशा जुळत नाहीये. ते स्नायूंचं किंवा नसांचं काम असतं, त्याचा लेन्सशी संबंध नाही, आणि ते अचानक सुरू झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

आता दादा. त्यांना म्हणावं, वजनाने हलकी असणं हा लेन्सचा गुण आहे! पहिली कृत्रिम लेन्स लंडनमध्ये १९४९ साली हॅरॉल्ड रिडली यांनी बसवली. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या केबिनचं प्लास्टिक फुटून वैमानिकांच्या डोळ्यात गेलेले तुकडे डोळा खपवून घेतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्याच जातीच्या प्लास्टिकची त्यांची लेन्स चांगलीच जड होती, आणि बऱ्याच पेशंटांमध्ये ती खाली घसरली. आजच्या लेन्स त्यापुढे पिसासारख्या. दादांच्या मनातला 'हलकी' म्हणजे स्वस्त असा अर्थ घेतला, तरी पिशवीसकट खाली आलेल्या लेन्सबद्दल लेन्सला दोष देता येत नाही. तुटल्या त्या आईंच्या स्वतःच्या दोऱ्या.

पहिल्या सर्जनची चूक असूच शकत नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या व्यवसायातल्या लोकांना पाठीशी घालायला हे सदर नाही. ऑपरेशनमध्ये पिशवी फाटली आणि पुरेसा आधार नसताना लेन्स ठेवली गेली, तर ती निसटू शकते. पण ते बहुधा काही दिवसांत नाहीतर महिन्यांत उघडकीला येतं. दुसरी एक गोष्ट मला जास्त खटकते. एकसंध मऊ ॲक्रिलिकची लेन्स फक्त पिशवीच्या आत ठेवण्यासाठी बनवलेली असते. ती कधीकधी पिशवीच्या पुढे, रंगीत बुबुळाच्या मागच्या फटीत ठेवली जाते. तिथे तिचे जाड पाय बुबुळाला घासत राहतात, आणि मग डोळा अधूनमधून लाल होतो, ठणकतो, दाब वाढतो, आत थोडं रक्त येतं, दोन दिवस धूसर दिसून पुन्हा स्वच्छ होतं. थेंब घालून अशी दुखणी महिनोन्‌महिने रेटली जातात आणि घासणारी लेन्स तिथेच राहते. आईंना असं काही होत नसेल तर हा परिच्छेद विसरून जा.

तेव्हा दादांना जुन्या दवाखान्यात जरूर पाठवा, पण कागद आणायला. लेन्सच्या डब्यावरचं स्टिकर बहुधा केसपेपरवर किंवा पेशंटला दिलेल्या कार्डावर चिकटवलेलं असतं. त्यावर लेन्सचं मॉडेल, पॉवर आणि अनुक्रमांक असतो. ऑपरेशनची नोंद मिळाली तर फारच उत्तम: पिशवी शाबूत राहिली होती का, तंतू सैल वाटले होते का, आधाराला रिंग घातली होती का. पुढच्या सर्जनला तीच लेन्स शिवायची की बदलायची हे ठरवताना हे कागद सोन्यासारखे आहेत. जाब विचारायला गेलेल्या माणसाच्या हाती ते सहज लागत नाहीत, हे आपलं तुमच्या-माझ्यात.

बाबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. प्रत्येक सरकलेली लेन्स शिवायची नसते. मध्यापासून अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असलेली साधी लेन्स माणसाला जाणवतही नाही. मल्टिफोकल, म्हणजे जवळचं आणि लांबचं दोन्ही दाखवणारी, असेल तर तिच्यातल्या कड्यांमुळे थोडंही सरकणं त्रास देतं, पण ती गोष्ट वेगळी. नजर चांगली आहे, लेन्स हलत नाही, दाब ठीक आहे, सूज नाही, अशा वेळी चष्मा बदलून किंवा बाहुली लहान ठेवणारे थेंब देऊन आणि दर काही महिन्यांनी तपासून आम्ही थांबतोही. आईंच्या बाबतीत मात्र लेन्सचा काठ बाहुलीत आला आहे आणि तक्रार नवी आहे. म्हणजे घसरण बहुधा चालू आहे. लेन्स समोरून दिसते आहे तोवर काम पुढच्या बाजूने करता येतं. ती मागे व्हिट्रियसमध्ये, म्हणजे डोळ्याच्या पोकळीतल्या जेलीत पडली, की आधी ती जेली काढून मग रेटिनाच्या सर्जनला लेन्स उचलून आणावी लागते. होतं तेही, पण मोठं काम आहे. म्हणून बाबांचं 'हात लावू नका' आणि कुणाचं 'आज रात्रीच ॲडमिट करा' या दोन्हींच्या मधे काही आठवडे तुमच्या हातात आहेत. ते आठवडे वर्षभर ताणू नका.

या आठवड्यांत एक करायचं नाही. 'मागचा पडदा पांढरा झालाय, लेझर मारून घ्या' असं कुणी म्हटलं तर आधी विचारा की सरकलेल्या लेन्सचं काय ठरलं. लेन्समागची पिशवी गढूळ होणं अगदी नेहमीचं आहे आणि याग लेझरने ते पाच मिनिटांत साफ होतं. पण लेझर म्हणजे पिशवीला मागून भोक. ते एकदा पडलं की लेन्स हलवणं, बदलणं अवघड होतं. लेन्स नीट बसत नाही म्हणून दिसत नसलेल्या माणसाला घाईने लेझर मारलं जातं, आणि मग दुरुस्तीची सोपी वाट बंद होते.

तपासणी कशी व्हावी? थेंब घालून बाहुली पूर्ण मोठी करून स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहिल्याशिवाय लेन्सबद्दल काही ठरवू नये. नजर इकडून तिकडे फिरवली की लेन्स थरथरते का, हे बघतात. काही जण पेशंटला आडवं झोपवूनही बघतात, कारण बसल्यावर खाली असलेली लेन्स झोपल्यावर मागे जाते. सगळी लेन्स दिसत नसेल तर डोळ्याची बारीक सोनोग्राफी. दाब मोजायचाच. आणि रेटिना कडेपर्यंत तपासून घ्यायचा, मधल्या भागाला सूज नाही ना हे स्कॅनवर बघायचं. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात रेटिना सुटण्याचा धोका मुळातच जास्त असतो, आणि नजर कमी होण्याचं कारण तिकडे असेल तर लेन्स कितीही छान शिवली तरी उपयोग नाही.

शिवणं म्हणजे काय, याची आईंना धास्ती वाटत असेल. एका पद्धतीत आहे तीच लेन्स, पिशवीसकट, केसाहून बारीक धाग्याने डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला बांधतात. दुसऱ्या पद्धतीत जुनी लेन्स काढून नवी बसवतात आणि तिचे पाय त्या पांढऱ्या भिंतीच्या जाडीतच अडकवतात. डॉ. अमर अग्रवाल यांनी २००७ मध्ये यासाठी टिश्यू ग्लू, म्हणजे डोळ्यात चालणारा एक प्रकारचा डिंक, वापरण्याची पद्धत सुरू केली. जपानचे शिन यामाने दोन बारीक सुयांमधून लेन्सचे पाय बाहेर काढून त्यांच्या टोकांना उष्णतेने छोटी गाठ आणतात, तिथे टाकाही लागत नाही आणि ग्लूही. बुबुळाला चिमटा घेऊन बसणारी लेन्सही असते. यातली 'सगळ्यात चांगली' कुठली असं मला पेशंट विचारतात. तुमच्या सर्जनचा ज्या पद्धतीत हात बसलेला आहे ती, हेच माझं उत्तर. तेव्हा "डॉक्टर, अशी ऑपरेशनं तुम्ही स्वतः किती करता?" हा प्रश्न संकोच न करता विचारा. चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही. आणि तो राग आला तर दुसरं मत घ्या.

हे मोतीबिंदूइतकं सोपं ऑपरेशन नाही, तेवढं मात्र मनाशी धरून चला. वेळ जास्त लागतो, डोळा सावरायला आठवडे लागतात. आत रक्त येणं, दाब चढणं, रेटिनाच्या मध्यभागी सूज, रेटिना सुटणं, जंतुसंसर्ग हे धोके कमी असले तरी असतात. नंतर चष्मा बहुधा लागेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सांगायची. मनाने बंद करायची नाही. यातलं काहीच न सांगता 'अगदी किरकोळ आहे' म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा तो या वेळी: एकदम दिसेनासं झालं, डोळ्यासमोर विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके अचानक वाढले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, डोळा लाल होऊन दुखायला लागला, सोबत मळमळ किंवा डोकेदुखी. लेन्स कधी मागे न पडता बाहुलीतून पुढेही येते, तेव्हा दाब झपाट्याने वाढतो. तोवर स्वयंपाकपाणी, थोडं वाकणं, हलकं काम चालू द्या. डोळा चोळायचा नाही, डोक्याला हिसका बसेल असं काही करायचं नाही, फार वेळ पालथं झोपायचं नाही आणि रात्री जिना उतरताना कठडा धरायचा. दोन पायऱ्यांतली खरी कुठली ते कळत नाही.

डाव्या डोळ्याबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंत. मला तो उजव्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. दोन्ही डोळे एकाच मातीचे आहेत. उजव्यातले तंतू आठ वर्षांत सुटले, तर डावीकडचेही सैल असण्याची शक्यता धरून चालायला हवं. डाव्याचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला उजव्याची हकिगत आधीच सांगा. त्याला ते ठाऊक असलं तर तो बाहुली मोठी करून भिंग थरथरतं का ते नीट बघेल, ऑपरेशनमध्ये पिशवीवर जोर कमी टाकेल, समोरची खिडकी फार लहान ठेवणार नाही आणि गरज पडली तर पिशवीत कॅप्सुलर टेन्शन रिंग नावाची कडी घालून तिला आतून ताण देईल. कडी घातली म्हणजे आयुष्यभराची हमी मिळाली असं नाही, पण ऑपरेशन त्याने सुरक्षित होतं आणि पुढे कधी शिवायची वेळ आलीच तर धरायला काहीतरी सापडतं. मोतीबिंदू फार पिकू देऊ नका. कडक झालेलं भिंग फोडताना तंतूंवर ताण जास्त येतो. आणि दोन्ही डोळे एकदम नकोत. कुठला आधी हे सर्जन ठरवेल, पण एकाची सूज पूर्ण उतरल्याशिवाय दुसऱ्याची तारीख घेऊ नका.

जुन्या कागदांत आठ वर्षांपूर्वीचा डाव्या डोळ्याचा नंबर आणि डोळ्याच्या लांबीचं माप असेल तर तेही दादांना मागून घ्यायला सांगा. ए-स्कॅन किंवा बायोमेट्री असं लिहिलेली छोटी पट्टी असते, फाईलमध्ये बहुतेक वेळा उलटी टाचलेली.